सेवेतल्या श्वानाचा पुतळा: ऑर्डर देण्यापूर्वी हे वाचा

लष्करातल्या किंवा पोलिसांतल्या श्वानाचा पुतळा उभारण्यासाठी माजी सैनिकांच्या संघटना, शाळा, ग्रामपंचायती आमच्या कार्यशाळेत येतात. पहिला प्रश्न बहुधा खर्चाचा असतो. आम्ही मात्र आधी विचारतो, तो कुत्रा नेमकं कोणतं काम करायचा?

पुतळ्याची सगळी ठेवण त्यावर ठरते. स्फोटकं शोधणाऱ्या श्वानाला वास लागला की तो भुंकत नाही, पंजाने उकरत नाही. जागच्या जागी शांत बसतो. उकरलं तर स्फोट होऊ शकतो, म्हणून त्याला तसंच शिकवलेलं असतं. मुंबई पोलिसांचा लॅब्रॅडॉर जंजीर याच कामातला. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात त्याने ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब शोधून दिले. अशा श्वानाला दात विचकून झेप घेताना दाखवलं तर पुतळा नजरेत भरेल, पण तो त्याचा राहणार नाही. झूमची गोष्ट वेगळी. भारतीय लष्करातला हा बेल्जियन मॅलिनॉइस जातीचा श्वान ऑक्टोबर २०२२ मध्ये अनंतनाग जिल्ह्यात अतिरेकी लपलेल्या घरात शिरला, गोळ्या लागूनही झुंजत राहिला आणि १३ ऑक्टोबरला श्रीनगरला उपचार चालू असताना त्याने प्राण सोडला. त्याच्या पुतळ्यात पुढे झेपावलेलं अंग, ताणलेली मान हवीच.

म्हणून छायाचित्रं आणा, आणि शक्य असेल तर हँडलरला, म्हणजे त्या श्वानाला सांभाळून त्याच्यासोबत काम करणाऱ्या जवानाला, घेऊन या. कान किती उभे असायचे, शेपूट कशी धरायचा, डोकं कोणत्या बाजूला कलायचं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. मातीचा नमुना तयार झाला की आम्ही तो सगळ्यात आधी हँडलरला दाखवतो. तो ‘हाच’ म्हणेपर्यंत साचा घेत नाही. यात चार-आठ दिवस जास्त गेले तरी जाऊ द्यावेत, असं आमचं आग्रहाचं सांगणं आहे.

प्रशांत महासागरातल्या गुआम बेटावरच्या अमेरिकी नाविक तळावर सुझन बहारी यांनी घडवलेला एक पुतळा आहे. कर्ट नावाचा हा डोबरमन १९४४ मध्ये तिथल्या लढाईत मारला गेला. जपानी सैन्याची चाहूल देऊन त्याने २५० मरीन सैनिकांना वाचवलं असं मानलं जातं. २१ जुलै १९९४ रोजी त्याच्या स्मारकाचं अनावरण झालं. कर्ट तिथे शांत पण सावध बसलेला आहे आणि खाली त्या लढाईत गेलेल्या २५ श्वानांची नावं कोरली आहेत. पुतळा एकाचा, नावं सगळ्यांची. निधी कमी असेल आणि श्वान अनेक असतील तर हा मार्ग आम्हाला सगळ्यात योग्य वाटतो.

आकार आणि चौथरा

लॅब्रॅडॉर खांद्यापर्यंत जेमतेम ५५ ते ५७ सेंमी उंच असतो. माणसांच्या पुतळ्यांसाठी बांधतात तसा आठ-दहा फुटी चौथरा केला, तर खालून फक्त छाती आणि हनुवटी दिसते. चौथरा अडीच-तीन फुटांचाच ठेवा. लहान मुलांचा हात पोहोचला पाहिजे. मोठ्या मैदानात मूळ मापाचा पुतळा हरवून जातो, तिथे तो सव्वापट किंवा दीडपट करावा.

धातू आणि ओतकाम

आम्ही ८५ टक्के तांबं आणि उरलेल्यात कथील, जस्त, शिसं सारख्या प्रमाणात असलेलं ब्रॉन्झ वापरतो. मातीच्या नमुन्यावरून साचा, साच्यातून मेणाची पोकळ प्रत, तिच्यावर उष्णता सोसणारं कवच. भट्टीत मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. पत्रा पाच-सहा मिलिमीटर जाडीचा राहतो, त्यामुळे मूळ मापाच्या लॅब्रॅडॉरचं वजन साधारण पन्नास किलोच्या आसपास भरतं. फायबरचा पुतळा बराच स्वस्त पडतो आणि आम्ही तोही करतो, पण छताखाली ठेवणार असाल तरच. उन्हापावसात त्याचा रंग उडतो, तडे जातात.

परवानगी आणि मजकूर

सार्वजनिक रस्ते, पदपथ यांवर नवे पुतळे उभारायला परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे. तेव्हा चौकाचा हट्ट सोडा. शाळेचं आवार, संस्थेची स्वतःची जागा, सैनिक भवन पाहा आणि जिल्हाधिकारी कार्यालयात आधी चौकशी करा. परवानगी हातात आल्याशिवाय आम्ही ओतकाम सुरू करत नाही.

शिलालेखावर नाव, जात, पथक, सेवेचा काळ आणि केलेलं काम एवढं पुरे. प्रत्येक आकडा कागदावरून तपासून द्या. रायगडावरच्या वाघ्याच्या पुतळ्याबद्दल पुराव्यांवरून किती वाद झाला, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. आज ज्यांचे पुतळे करायचे त्यांच्या सेवेच्या नोंदी उपलब्ध आहेत, त्या आत्ताच गोळा करा. हँडलरचंही नाव असावं. २०१५ मध्ये काश्मीरच्या तंगधार भागात मानसी नावाची लॅब्रॅडॉर आणि तिचे हँडलर बशीर अहमद वार एकाच चकमकीत गेले. अशा जोडीतलं एकच नाव कोरणं आमच्या मनाला पटत नाही.

निगा

महिन्यातून एकदा साध्या पाण्याने धुवा, मऊ फडक्याने पुसा. पितांबरी, चिंच, लिंबू काहीही लावू नका, वरचा तपकिरी थर निघून जाईल. दुधाचा अभिषेक नको, हार चालेल. पावसाळ्याआधी आणि नंतर मेणाचा हात द्यावा. कोकणात खाऱ्या वाऱ्यामुळे तो चुकवू नये. पहिल्या वर्षी हे काम आमचा माणूस येऊन करतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

मातीकामापासून पुतळा बसवेपर्यंत चार ते सहा महिने लागतात. पावसाळ्यात साचे वाळायला वेळ जातो. अनावरणाची तारीख पाहुण्यांना कळवण्याआधी आमच्याशी बोलून घ्या.