वाडा व बाग : जतन

सरदार, इनामदार, देशमुख, सावकार अशा घराण्यांची जुनी राहती वास्तू आणि तिला लागून असलेली बाग, परस, विहीर, हौद, घाट यांची एकत्रित निगा व दुरुस्ती. इमारत राखली आणि बाग भूखंड म्हणून विकली, अशी उदाहरणे महाराष्ट्रात इतकी आहेत की हा एकत्रित विचार नवा वाटतो. भाषेत मात्र तो जुनाच आहे.

‘वाडा’ हा शब्द संस्कृत ‘वाट’ (कुंपणाने वेढलेली जागा) या शब्दाशी जोडला जातो. ‘वाट’ हे ‘वृ’ (वेढणे, झाकणे) या धातूपासून प्राकृत वळणाने झालेले व पुढे संस्कृतात स्थिरावलेले रूप असावे, हे तौलनिक भाषाभ्यासातील मत अधिक ग्राह्य वाटते. ‘वाटिका’ म्हणजे बाग, तिच्यापासून ‘वाडी’. कोकणात नारळी-पोफळीच्या बागेला आजही वाडीच म्हणतात. वस्ती या अर्थाची ‘वाडी’ मात्र वाटिकेपासून आली की ती वाड्याचे लघुरूप आहे, याविषयी एकमत नाही. दोन्ही अर्थ एकाच मुळाकडे जात असल्याने हा वाद फारसा ताणण्यात अर्थ नाही. धनगर मेंढ्या कोंडतात तोही वाडाच. शब्दाच्या मुळाशी कुंपण आहे, छप्पर नाही.

पेशवेकाळात पुणे व परिसरात बागांची परंपरा बहरली. हिराबाग, सारसबाग, बेलबाग ही नावे त्याच काळातील. या बागांवर मोगली चारबागेचा (पाटांनी चार भागांत विभागलेल्या बागेचा) प्रभाव किती आणि देशी आमराई-फुलबागेचा किती, याबद्दल मतभेद आहेत. कारंजी व पाटांची आखणी मोगली वळणाची, तर झाडांची निवड देवपूजा आणि स्वयंपाकघर यांच्या गरजेतून झालेली दिसते. या बागा पाण्यावर उभ्या होत्या. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून बांधीव नळाने शहरात पाणी आणले. त्या नळावर ठरावीक अंतराने हवा व दाब मोकळा होण्यासाठी उच्छ्वास बांधलेले होते. शनिवारवाड्यातील सोळा पाकळ्यांचे हजारी कारंजे उताराच्या दाबावर चाले. म्हणूनच अशा बागेच्या जतनात झाडांआधी नळ, हौद आणि उतार यांचा शोध घ्यावा लागतो.

घराण्याच्या वाड्याचे ठळक उदाहरण म्हणजे वाईजवळ कृष्णाकाठी असलेला मेणवलीचा नाना फडणीसांचा (१७४२–१८००) वाडा. हे गाव नानांना १७६८ च्या सुमारास इनाम मिळाले; वाडा व घाट त्यानंतरच्या काही वर्षांतील असावेत. सहा चौकांचा वाडा, मागे नदीवर उतरणारा घाट, मेणेश्वर व विष्णू यांची मंदिरे अशी ही रचना आहे. घाटावरील पोर्तुगीज घंटा वसईच्या मोहिमेतील (१७३९) लूट मानली जाते. ती स्वारी चिमाजी अप्पांची, आणि तेव्हा नानांचा जन्मही झालेला नव्हता. घंटा वसईचीच असली तरी ती मधल्या काळात दुसऱ्या हातांतून मेणवलीस आली असली पाहिजे. वाड्यातील कागदपत्रे ‘मेणवली दप्तर’ म्हणून प्रसिद्ध आहेत. ती इतिहाससंग्राहक द. ब. पारसनीस यांच्या संग्रहातून १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेली. वाडा वंशजांकडे राहिला असून अलीकडच्या दशकांत चित्रपटांच्या चित्रीकरणामुळे तो सर्वांच्या ओळखीचा झाला आहे.

वाड्यांच्या ऱ्हासाचे खापर सहसा काळावर फोडले जाते. खरे कारण बहुधा उत्पन्नाचे आहे. १९५२ च्या कायद्याने मुंबई राज्यातील वैयक्तिक इनामे रद्द झाली आणि माळी, गवंडी, सुतार यांना बारमाही पोसणारा आधार संपला. शहरांत भाडेनियंत्रणामुळे (१९४७) भाड्यातून कौलेही फेरता येईनात. वारसांची संख्या वाढली, तशी दुरुस्तीची सही कोणी करायची हा प्रश्न वाढला. पुण्यात १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुराने नदीकाठचे अनेक वाडे एका दिवसात नेले.

दुरुस्तीत कळीचा मुद्दा चुन्याचा. भट्टीतील चुनकळी (भाजलेल्या चुनखडीचे खडे) पाण्यात विझवून मुरवतात, चुन्याच्या घाणीत (दळण्याच्या दगडी गिरणीत) वाळूसह मळतात. त्यात गूळपाणी, हिरडा, बेलफळाचा गर, उडदाचे पीठ, ताग यांपैकी काही घालतात. प्रमाणे गवंड्यागणिक बदलतात. चुन्याची भिंत ओल आत घेते व बाहेरही सोडते. तीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, क्षार फुटतात आणि विटा भुरभुरतात. लाकडी सांगाड्यात खांबाचा तळखड्यावर (खांबाखालच्या दगडी बैठकीवर) टेकणारा भाग आणि तुळईची भिंतीत शिरलेली टोके आधी कुजतात. खांब बदलण्याऐवजी कुजका भाग कापून त्याच जातीच्या सागाचा जोड देणे श्रेयस्कर ठरते. छपराची कौले दर पावसाळ्याआधी फेरली, तर यातील निम्मे काम उद्भवतच नाही.

जुने साहित्य जपावे की पूर्ववत नवे घडवावे, हा जुना वाद आहे. वास्तुजतनाविषयीची १९६४ ची आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनद पहिल्या मताकडे झुकते. वारसाजतन करणाऱ्या ‘इंटॅक’ या भारतीय संस्थेच्या २००४ च्या सनदेने मात्र कारागिरांच्या हयात परंपरेतील जीर्णोद्धारालाही स्थान दिले. राहत्या वाड्यांच्या बाबतीत दुसरी भूमिका अधिक व्यवहार्य दिसते. बागेला तर पहिली लागू करणेच अवघड, कारण झाडे मरतात. तेथे प्रश्न उरतो तो कोणती झाडे लावायची याचा. बकुळ, चाफा, प्राजक्त, अनंत, तुळस यांना हरकत नाही. अमेरिकेतून आलेले पेरू, सीताफळ, झेंडू पोर्तुगीजांच्या काळापासूनचे असल्याने पेशवाई बागेत शोभतात. गुलमोहर व बोगनवेल मात्र भारतात एकोणिसाव्या शतकात पसरली. तरीही ‘पेशवेकालीन बाग’ अशा पाटीवर बोगनवेलच डवरलेली पुष्कळदा आढळते.