फाइल बदलली, सर्व्हर मात्र जुनाच

कोड सेव्ह केला, ब्राउझर रिफ्रेश केला, तरी पानावर जुनंच दिसतंय. वेब प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव येतो, आणि मग 'कॅश उडव', 'मशीन बंद करून चालू कर' असे तोडगे सुरू होतात. दसऱ्याला सर्व्हरला झेंडूचा हार जरूर घाला, पण इथे गूढ असं काही नाही.

डिस्कवरची फाइल वेगळी आणि मेमरीत चालणारा प्रोग्रॅम वेगळा. पायथॉन भाषेत एखादं मॉड्यूल, म्हणजे कोडची एक फाइल, पहिल्यांदा इम्पोर्ट झालं, म्हणजे प्रोग्रॅमने मागवलं, की फाइल वाचली जाते, त्यातला कोड चालतो आणि तयार मॉड्यूल मेमरीतल्या एका यादीत जाऊन बसतं. पुन्हा कुणी तेच मागितलं तर यादीतलं मिळतं. फाइलकडे पायथॉन ढुंकूनही बघत नाही.

मग तेवढंच मॉड्यूल पुन्हा वाचायला लावलं तर? रीलोडची सोय आहे, पण खरी गंमत तिथेच सुरू होते. समजा, त्या फाइलीत 'ग्राहक' नावाचा क्लास, म्हणजे ऑब्जेक्ट घडवायचा साचा आहे. रीलोड केल्यावर त्याच नावाचा नवा क्लास बनतो. आधी तयार झालेले ग्राहक मात्र जुन्या क्लासलाच चिकटून राहतात. दुसऱ्या फाइलीने तो क्लास थेट नावाने उचललेला असेल, तर तिच्याकडेही जुनाच. आता नव्या कोडने विचारलं, 'हा ऑब्जेक्ट ग्राहक आहे का?' तर उत्तर येतं, नाही! कारण पायथॉन नावं जुळवत नाही, मेमरीतला क्लास तोच आहे का हे पाहतो. एररमध्ये दोन्ही नावं अगदी सारखी, त्यामुळे शोधणारा चक्रावतो. 'हॉट रीलोड'ची, म्हणजे प्रोग्रॅम न थांबवता कोड बदलण्याची, जाहिरात करणाऱ्याला म्हणूनच एक विचारावं: जुन्या ऑब्जेक्टचं काय करता?

पायथॉनमध्ये वेबसाइट बनवायची चौकट असलेलं जँगो या भानगडीत पडतच नाही. त्याचा रनसर्व्हर, म्हणजे कोड लिहिताना वापरायचा सर्व्हर, दोन प्रोसेस (स्वतंत्र चालणारे प्रोग्रॅम) चालवतो. आतली प्रोसेस पानं पुरवते आणि साधारण दर सेकंदाला फाइली कधी बदलल्या ते तपासते. बदल दिसला की ३ हा एक्झिट कोड, म्हणजे बंद होताना मागे ठेवायचा आकडा, देऊन ती संपते. बाहेरची प्रोसेस तो आकडा ओळखून नवी सुरू करते. मेमरी कोरी, सगळे इम्पोर्ट पहिल्यापासून.

एरिक्सन कंपनीच्या टेलिफोन एक्स्चेंजना असं बंद करून पुन्हा सुरू करणं परवडणारं नव्हतं, चालू कॉल तोडायचा कसा? म्हणून तिथे जन्मलेल्या एर्लांग भाषेत एका मॉड्यूलच्या दोन आवृत्त्या एकाच वेळी नांदतात. चालू प्रोसेस जुनीवरच राहते, आणि मॉड्यूलचं नाव घेऊन फंक्शन बोलावलं की नवीवर जाते. तिसरी आवृत्ती आणायची तर सर्वांत जुनी आधी काढावी लागते, आणि ती काढताना तिच्यावर अजून रेंगाळणारी प्रोसेस मारली जाते.