खाणीच्या लाल ढिगावर झाड कसं वाढतं

कोकणातल्या रेडीचं लोहखनिज, दापोलीकडचं बॉक्साइट, कासार्ड्याची सिलिका वाळू, गावोगावच्या जांभा दगडाच्या चिरेखाणी. माल उचलून झाला की मागे राहतात खड्डे आणि ढीग. माती मात्र गेलेली असते.

मातीविना झाड लावायची कोकण्याला सवय आहे. कातळात सुरुंग लावायचा, खड्ड्यात वाहून आणलेली माती, पालापाचोळा, शेणखत भरायचं आणि काजूचं कलम लावायचं. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि असे खड्डे कातळाच्या सपाट माळांवर, सड्यासड्यावर दिसू लागले.

खाणीच्या ढिगावर नुसती खताची गोण रिकामी करून भागत नाही. जांभ्या मातीतली लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतात, त्यामुळे घातलेल्या सुपर फॉस्फेटातलं मुळांना थोडंच मिळतं. नत्राची (नायट्रोजनची) तऱ्हा उलटी. पावसाळ्यात तीनेक हजार मिलिमीटर पाऊस. उघड्या उतारावरचा युरिया ओहोळाला लागतो.

म्हणून आधी ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि सुरूची झाडं आली. दोघांच्याही मुळांवरच्या गाठींतले सूक्ष्मजीव हवेतलं नत्र धरतात. ढीग लवकर हिरवे झाले, फोटोही छान आले! पण या बाभळीचा पाला सावकाश कुजतो, आणि तिच्या एकसुरी रांगांना जंगल म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

पुढची पायरी विदर्भातली. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीतल्या ढिगांवर साखर कारखान्यातलं प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेली मळी), नत्र धरणारे जिवाणू आणि मायकोरायझा बुरशी एकत्र वापरली. ही बुरशी मुळांना जोडून घेते आणि मुळं पोचत नाहीत तिथला स्फुरद आणून देते. जांभ्या मातीची नड नेमकी हीच.

जास्त खताचा धडा अमेरिकेचा. तिथे १९७७ च्या कायद्यानंतर कोळसा खाणींच्या जमिनींवर खत घालून दाट गवत पेरलं गेलं. त्या गवताने झाडांची रोपं दाबून टाकली.

आपल्याकडे १९८८ च्या खनिज संवर्धन आणि विकास नियमांनी वरची माती वेगळी काढून पुन्हा वापरायला सांगितलं. ती वर्षानुवर्षं ढिगात पडली तर तिच्यातली जिवंत बुरशी कमी होत जाते, म्हणून लगेच पसरलेली बरी. पण हे नियम लोहखनिज, बॉक्साइट अशा प्रमुख खनिजांचे होते. चिरा गौण खनिजात मोडतो. त्याच्या खाणीवरची माती बहुधा बाजूला लोटलेलीच असते, आणि पहिल्या पावसात ती खालच्या मळ्यात उतरते.