संगीताच्या प्रोग्रामिंग भाषा आणि ‘आत्ता’ची अडचण

मजकूर लिहून संगणकाकडून संगीत वाजवून घेणाऱ्या भाषांमध्ये नवी सोय घालायची म्हटली की चर्चा सुरू होते ती फिल्टर, रिव्हर्ब आणि नव्या वाद्यांवरून. गाडी अडते ती मात्र दुसरीकडेच. वाजता वाजता लय बदलता येईल का? चालू तुकडा न थांबवता त्याच्या जागी दुसरा ठेवता येईल का? वेगवेगळ्या लांबीची दोन आवर्तने नेमकी समेवर भेटतील का? नवा आवाज घालणे त्या मानाने सोपे असते. काळाचा हिशोब भाषेच्या जन्मावेळीच ठरून गेलेला असतो, आणि पुढच्या बहुतेक सोयी त्या हिशोबाशी झटापट करतच येतात.

बेल लॅब्समधले अभियंते मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ मध्ये ‘म्युझिक १’ हा आवाज निर्माण करणारा प्रोग्राम लिहिला, तेव्हा ही झटापट नव्हतीच. आयबीएम ७०४ हा संगणक न्यूयॉर्क शहरात होता, आणि आकड्यांचा आवाज करून देणारे यंत्र न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेत. संगणकाने काढलेले आकडे चुंबकीय फितीवर घ्यायचे, फीत प्रयोगशाळेत न्यायची, मग ऐकायचे. त्यावर झालेली पहिली रचना, न्यूमन गटमन यांची, १७ सेकंदांची होती. एका वेळी एकच सूर आणि तरंगाचा एकच आकार, त्रिकोणी. अशा व्यवस्थेत ‘आत्ता’ नावाची गोष्टच नसते. काळ म्हणजे कागदावरचा एक स्तंभ: हा सूर अमुक सेकंदाला सुरू, तमुक सेकंद चालू.

१९६० च्या ‘म्युझिक ३’ने या क्षेत्राला त्याची सर्वांत टिकाऊ कल्पना दिली, युनिट जनरेटरची. तरंग निर्माण करणारा एक छोटा ठोकळा, आवाजाची चढउतार सांभाळणारा दुसरा, बेरीज करणारा तिसरा. ते एकमेकांना जोडून वापरणाऱ्याने आपले वाद्य स्वतः बांधायचे. वाद्यांची व्याख्या एकीकडे आणि सुरांची यादी दुसरीकडे, ही ‘ऑर्केस्ट्रा’ आणि ‘स्कोअर’ अशी विभागणीही याच घराण्यातली. बॅरी व्हर्को यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यात एमआयटीत सी भाषेत लिहिलेल्या सीसाउंडने ती जशीच्या तशी उचलली.

सीसाउंडपाशी थोडे थांबायला हवे, कारण नव्या सोयींचे राजकारण इथे उघडे दिसते. या भाषेत काळाचे तीन थर आहेत. काही गोष्टी सूर सुरू होताना एकदाच ठरतात, काही नियंत्रणाच्या संथ गतीने बदलतात आणि काही आवाजाच्या प्रत्येक सॅम्पलला, म्हणजे आवाज ज्या हजारो सुट्या आकड्यांनी बनतो त्यांतल्या प्रत्येकाला. त्यांना आय-रेट, के-रेट आणि ए-रेट म्हणतात, आणि चलाच्या (किंमत साठवणाऱ्या नावाच्या) पहिल्या अक्षरावरूनच भाषा त्याचा थर ओळखते. कमी ताकदीच्या संगणकांच्या काळात ही फार हुशार काटकसर होती. २०१३ च्या सहाव्या आवृत्तीत एका ऑपकोडच्या (सीसाउंडमधल्या तयार ठोकळ्याच्या) आत दुसरा ऑपकोड, गणितातल्या फंक्शनसारखा, लिहिण्याची सोय आली आणि पंचाईत झाली. निकाल साठवणारे डावीकडचे चलच नाही, मग मधल्या निकालाचा थर कळणार कसा? तोडगा असा निघाला की शंका येईल तिथे ऑपकोडच्या नावापुढे विसर्गचिन्हासारखे दोन टिंब देऊन थराचे अक्षर लिहायचे. दिसायला ओबडधोबड, पण त्यामुळे जुन्या रचनांच्या फायली तशाच वाजत राहिल्या. सीसाउंड सांभाळणाऱ्यांनी जुन्या रचनांशी इमान राखण्याला सौंदर्यापेक्षा जास्त किंमत दिली. मला तो निर्णय योग्यच वाटतो. संगीतकाराची कृती भाषेच्या सोयीसाठी मुकी करून चालत नाही.

जेम्स मॅकार्टनी यांनी नेमके उलटे केले. त्यांची सुपरकोलायडर १९९६ मध्ये आली. तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी तिचे दोन तुकडे केले: आवाज काढणारा सर्व्हर वेगळा, भाषा वेगळी, आणि दोघांत संदेशांची देवाणघेवाण. २००२ मध्ये ती मुक्त सॉफ्टवेअर झाली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी ‘नवी सोय’ म्हणजे ही फाळणी. सर्व्हर सुटा झाल्यावर त्याच्याशी दुसरी कुठलीही भाषा बोलू शकते; टायडलसायकल्स आणि सोनिक पाय या संगीताच्या भाषा आजही आवाजासाठी त्याच्यावरच विसंबतात. किंमत पुन्हा काळातच मोजावी लागली. संदेश पोचायला कमीजास्त वेळ लागतो, म्हणून घटना वेळेचा शिक्का मारून थोड्या आधीच पाठवायच्या; सुपरकोलायडरमध्ये ही आगाऊ मुदत, आपण बदलली नाही तर, ०.२ सेकंदांची असते. म्हणजे भाषेचे ‘आत्ता’ आणि कानाचे ‘आत्ता’ यांत मुद्दाम ठेवलेली फट.

ही फटच नको, म्हणून २००३ च्या सुमारास प्रिन्स्टनमध्ये गे वांग आणि पेरी कुक यांनी चक ही भाषा रचली. तिच्यात ‘आत्ता’ हा खरोखरच भाषेचा शब्द आहे. प्रोग्राम लिहिणारा अमुक इतका काळ ‘आत्ता’मध्ये ढकलतो, तेव्हाच घड्याळ पुढे सरकते; तोवर संगीताच्या हिशोबाने वेळ गोठलेली. समांतर चालणारे सगळे तुकडे एका सॅम्पलच्या अचूकतेने जुळतात. मात्र सॅम्पलागणिक हिशोब करायचा तर प्रोसेसरवर भार पडतो, तो चकने पत्करला.

२००४ मध्ये हॅम्बुर्गला टॉपलॅप ही लाइव्ह कोडिंग करणाऱ्यांची संघटना उभी राहिली. पडद्यावर कोड दाखवत, वाजवता वाजवता तो बदलायचा, ही त्यांची रीत. रंगमंचावर कंपायलर, म्हणजे कोड संगणकाला समजेल असा करून देणारा प्रोग्राम, रुसला तर श्रोत्यांसमोर शांतता पसरते. त्यामुळे चुकीची ओळ नाकारताना आधीचे वाजते ठेवणे, नावे आखूड ठेवणे, अशा गोष्टी गरजेच्या झाल्या.

सॅम ॲरन यांच्या सोनिक पायचा किस्सा याच रांगेतला. शाळकरी मुलांसाठी केलेल्या या भाषेत ‘स्लीप’ म्हणजे थांब. सुरुवातीला तो शब्दशः थांबायचा, पण मधल्या आकडेमोडीचा वेळ त्यात मिसळून ताल हळूहळू सरकायचा. पुढे ‘स्लीप’चा शब्द तोच ठेवून अर्थ बदलला: भाषा स्वतःचे आभासी घड्याळ चालवते आणि थांबा त्या घड्याळावर मोजते. मुलांच्या लिखाणात अक्षरही बदलावे लागले नाही. वापरणाऱ्याला कळलेसुद्धा नाही अशी सोय घालणे हे खरे कसब.

आता टायडलसायकल्स. ॲलेक्स मॅक्लीन यांनी हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या या भाषेची आखूड लिपी बर्नार्ड बेल यांच्या बोल प्रोसेसर या सॉफ्टवेअरवरून स्फुरली आहे, आणि बोल प्रोसेसरचा उगम १९८०च्या दशकात बेल आणि जेम्स किप्पन यांनी तबल्यातल्या ‘कायदा’ या रचनाप्रकारावर केलेल्या कामात आहे. ‘धा धिं [धा गे] तिं’ असे लिहिले तर आवर्तनाचे चार सारखे भाग होतात आणि तिसऱ्या भागात दोन बोल बसतात. तबलजीला हे समजावून सांगावे लागणार नाही! काळ अपूर्णांकांत मोजला जातो, दशांशात नाही, म्हणून तिश्र जातीचे तुकडे कितीही आवर्तने गेली तरी घसरत नाहीत.

टायडलमध्ये रचना म्हणजे एक फंक्शन: काळाचा तुकडा विचारा, त्यात काय वाजते ते सांगते. दुगुन करणे, उलटे वाजवणे, चौथ्या आवर्तनाला वेगळे करणे यामुळे सहज होते. २०२२ मध्ये मॅक्लीन आणि फेलिक्स रूस यांनी हीच कल्पना स्ट्रुडेल या नावाने जावास्क्रिप्टमध्ये आणली आणि ती ब्राउझरमध्ये वाजू लागली. पण अशा फंक्शनला आठवण नसते. ‘मघाशी जे वाजवलेस, त्याला धरून पुढचे ठरव’ ही साधी वाटणारी मागणी चकमध्ये एक चल ठेवून दोन ओळींत भागते. टायडल किंवा स्ट्रुडेलमध्ये तीच मागणी आली की तिला भाषेच्या पायाला धक्का न लावता कुठे बसवायचे, इथूनच विचार सुरू करावा लागतो.