बूटेबल एक्स्टर्नल हार्ड डिस्क

यूएसबीने जोडलेल्या ज्या हार्ड डिस्कवरून संगणक थेट सुरू करता येतो, ती बूटेबल एक्स्टर्नल हार्ड डिस्क. आतली डिस्क बिघडल्यावर डेटा काढून घ्यायला, ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला किंवा आपली अख्खी सिस्टिम सोबत बाळगायला ती वापरतात.

नुसत्या फायली कॉपी करून डिस्क बूटेबल होत नाही, असे सर्रास सांगितले जाते. जुन्या बायोसपुरते, म्हणजे संगणक सुरू होताच आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामपुरते, ते खरे आहे. बायोसला फाइल हा प्रकारच ठाऊक नसतो. तो डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर मेमरीत घेतो, त्याच्या शेवटी ५५ आणि एए ही खूण दिसली की तिथल्या कोडच्या हाती कारभार सोपवतो आणि मोकळा होतो. हा मास्टर बूट रेकॉर्ड. पीसीवर तो १९८३ पासून आहे. त्यातला कोड सहसा ‘ॲक्टिव्ह’ अशी खूण केलेले पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र भाग) शोधतो. ती खूण करायची राहिली, तर सगळ्या फायली जागच्या जागी असूनही गाडी पुढे सरकत नाही.

बायोसची जागा घेणाऱ्या नव्या यूईएफआयला मात्र फॅट३२ (फायली ठेवण्याची एक पद्धत) पार्टिशन वाचता येते. काढता-घालता येणाऱ्या डिस्कवर ते ‘ईएफआय’ फोल्डरातल्या ‘बूट’ फोल्डरात ठरलेल्या नावाची फाइल शोधते. नेहमीच्या ६४-बिट पीसीवर ती ‘बूटएक्स६४.ईएफआय’. त्यामुळे इथे फायली कॉपी करणे खरोखरच पुरू शकते. अडचण एवढीच, की फॅट३२वर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही आणि विंडोज इन्स्टॉलरमधली ‘इन्स्टॉल.विम’ ही मुख्य फाइल बरेचदा त्यापुढे जाते. मग तिचे तुकडे करावे लागतात.

डिस्क तयार करताना खरा धोका चुकीची डिस्क पुसली जाण्याचा. विंडोजच्या डिस्कपार्ट या कमांड-टूलमध्ये ‘सिलेक्ट डिस्क १’नंतर ‘क्लीन’ म्हटले की कसलीही खातरजमा न करता पार्टिशनची नोंद उडते. ‘लिस्ट डिस्क’मधला आकार आधी नीट पाहावा. बूटेबल यूएसबी बनवणारा रूफस हा प्रोग्राम तर यूएसबी हार्ड डिस्क मुळात यादीत दाखवतच नाही. त्यासाठी वेगळा पर्याय निवडावा लागतो, आणि ते योग्यच आहे.

इन्स्टॉलर ठेवणे वेगळे आणि सिस्टिमच त्या डिस्कवर चालवणे वेगळे. विंडोजचा नेहमीचा सेटअप यूएसबी डिस्कवर बसायला नकार देतो. विंडोज ८ एंटरप्रायझबरोबर २०१२ मध्ये आलेली ‘विंडोज टू गो’ ही अधिकृत सोय विंडोज १०च्या ‘२००४’ या क्रमांकाच्या, २०२० मधल्या आवृत्तीत काढून टाकली गेली. लिनक्सला अशी आडकाठी नाही, पण इन्स्टॉलरने बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम) कुठे टाकला हे तपासावे. तो संगणकाच्या आतल्या डिस्कवर गेला, तर बाहेरची डिस्क दुसऱ्या संगणकावर सुरू होत नाही. ग्रब या लिनक्सच्या नेहमीच्या बूटलोडरमध्ये त्यासाठी ‘रिमूव्हेबल’ हा पर्याय आहे.

इतके करूनही बूट मेन्यूत डिस्क दिसली नाही, तर सिक्युअर बूट (मान्य सही नसलेला बूटलोडर अडवणारी यूईएफआयची सोय) आणि वीजपुरवठा पाहावा. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिॲम्पिअरपर्यंतच वीज देतो आणि फिरत्या डिस्कला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात फर्मवेअरचा, म्हणजे बायोस किंवा यूईएफआयचा, शोध संपलेला असू शकतो. अशा वेळी केबल न काढता संगणक पुन्हा सुरू केला की डिस्क अनेकदा सापडते.