‘स्नॅपशॉट आहेत ना!’ : क्लाउड सोडणाऱ्या ग्राहकांसाठी

क्लाउडवरून तुमचा सर्व्हर हलवून देणं हे आमचं काम. त्याची तारीख ठरवताना आम्ही बॅकअपचं विचारतो आणि बहुतेकदा उत्तर येतं, ‘रोजचे स्नॅपशॉट आहेत ना!’ आहेत, म्हणजे डेटाच्या त्या त्या क्षणाच्या प्रती आहेत, पण जुन्या कंपनीच्याच दावणीला बांधलेल्या. अ‍ॅमेझॉन आरडीएसचा (त्यांच्या डेटाबेस-सेवेचा) स्नॅपशॉट फाइल म्हणून उतरवून घेता येत नाही. त्यांच्याच एस३ स्टोरेजवर एक्स्पोर्ट केला तर तो पार्के फॉरमॅटमध्ये येतो. त्यात टेबलांतला डेटा असतो. इंडेक्स, ट्रिगर, फंक्शन नसतात. त्यावरून चालता डेटाबेस परत उभा करायचा म्हणजे दिवसच्या दिवस जातात, आणि ते बिलात दिसले की वाद होतो.

आम्हाला हवा असतो लॉजिकल डंप, म्हणजे दुसऱ्या जागी पुन्हा उभी करता येईल अशी डेटाबेसची प्रत. डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर तो पीजी-डंप या टूलने, डिरेक्टरी फॉरमॅटमध्ये, चार जॉब लावून घ्या. रोल (डेटाबेसचे वापरकर्ते) त्यात येत नाहीत, ते पीजी-डंपऑलने वेगळे काढावे लागतात. आरडीएसवर रोलचे पासवर्ड मिळत नाहीत, त्यामुळे ते नव्या जागी नव्याने द्यायचे. एक्स्टेंशनची (डेटाबेसला जोडलेल्या जादा सॉफ्टवेअरची) यादीही आधी पाठवा. त्या क्लाउडपुरतं बनवलेलं एखादं एक्स्टेंशन असेल तर रिस्टोअर तिथेच अडखळतो.

डेटाबेस मोठा असेल आणि साइट तासन्‌तास बंद ठेवणं परवडणार नसेल, तर आम्ही लॉजिकल रेप्लिकेशन लावतो, म्हणजे जुन्या डेटाबेसमधला प्रत्येक बदल नव्यात जात राहतो. यात प्रत्येक टेबलाला प्रायमरी की किंवा ओळ ओळखण्याचं तसंच दुसरं साधन लागतं, नाहीतर जुन्या बाजूला अपडेट-डिलीटच एरर देऊ लागतात. शिवाय पोस्टग्रेस १८ पर्यंत सीक्वेन्सचे (पुढचा क्रमांक देणाऱ्या मोजणीचे) आकडे पलीकडे जात नाहीत. टेबलात शेवटची ऑर्डर ४८२१० असते, सीक्वेन्स मात्र अजून १ वरच. साइट सुरू झाल्यावर पहिलीच ऑर्डर ‘डुप्लिकेट की’ म्हणून परत येते. म्हणून दार उघडण्याआधी प्रत्येक सीक्वेन्स सेट-व्हॅल फंक्शनने पुढे सरकवायचा.

लॉगिन कॉग्निटोवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या लॉगिन-सेवेवर असेल, तर ग्राहकांच्या पासवर्डचे हॅश (साठवलेली सांकेतिक रूपं) बाहेर काढता येत नाहीत. एकतर सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावा, किंवा तिथलं जुनं यूजर-पूल (वापरकर्त्यांची यादी) काही महिने चालू ठेवून, जो जसा लॉगिन करेल तसा त्याला नव्या जागी नोंदवत जा. आम्ही दुसरा मार्ग सुचवतो. केएमएस या किल्ल्या सांभाळणाऱ्या सेवेने स्वतः बनवलेली एन्क्रिप्शनची किल्लीही तिथेच राहते. त्या किल्लीच्या आधाराने अ‍ॅपने स्वतः एन्क्रिप्ट केलेल्या फाइली आधी उघडून घ्या, मगच किल्ली मिटवा.

आता वेळेचं. १० टीबी डेटा १०० एमबीपीएसच्या लाइनवरून, लाइन पूर्ण मोकळी असली तरी, नऊ दिवसांहून जास्त घेतो. ग्लेशियर डीप आर्काइव्ह या अ‍ॅमेझॉनच्या जुन्या डेटासाठीच्या साठ्यातलं सामान तर आधी परत मागवावं लागतं : साध्या मार्गाने १२ तासांपर्यंत, स्वस्त मार्गाने ४८ तासांपर्यंत. डेटा बाहेर नेण्याच्या शुल्काची धास्ती मात्र थोडी कमी करा. २०२४ पासून गूगल, अ‍ॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट तिघेही सोडून जाणाऱ्यांना त्यात सूट देतात. अट अशी की आधी अर्ज, मग डेटा. अ‍ॅमेझॉनकडे मंजुरीनंतर ६० दिवस मिळतात. डेटा काढून झाल्यावर आम्हाला विचारलंत तर आमच्याही हातात काही उरत नाही.

‘एका रात्रीत होईल ना?’ प्रत्यक्ष स्विच एका रात्रीत होतो, हो. पण त्याआधी तुमचा डंप आमच्या मशीनवर रिस्टोअर करून, टेबलागणिक ओळी मोजून, अ‍ॅप त्यावर चालवून पाहिल्याशिवाय आम्ही तारीख देत नाही. या तालमीला लागणारे दोन आठवडे काहींना खटकतात. तरी तालमीचे पैसे आम्ही वेगळे लावत नाही, ते कोटेशनमध्येच धरलेले असतात. डीएनएसचा टीटीएल (साइटचा पत्ता किती सेकंद लक्षात ठेवायचा तो आकडा) ८६४०० असेल तर किमान दोन दिवस आधी ३०० वर आणा. आणि जुनं खातं स्विचनंतर तीस दिवस बंद करू नका, मोह झाला तरी.

नवी मांडणी आम्ही साधं पोस्टग्रेस, एस३-सुसंगत स्टोरेज आणि डॉकरवर करतो. सगळ्या कॉन्फिग फाइली पहिल्या दिवसापासून तुमच्या गिट रिपॉझिटरीत असतात, म्हणजे उद्या आम्हाला सोडायचं ठरवलंत तरी आमची परवानगी लागणार नाही.

फोन करण्याआधी डेटाबेसचा आकार, आवृत्ती, एक्स्टेंशनची यादी आणि आर्काइव्हमध्ये किती टीबी पडलंय, एवढं हाताशी ठेवा.