गटचाचणीत आवाजाला गुण नसतात

‘गटचाचणीत जो आधी आणि मोठ्याने बोलतो, तोच सैन्याधिकारी होतो’, हा सल्ला सैन्याधिकारी निवडणाऱ्या एसएसबीच्या (सेवा निवड मंडळाच्या) चाचण्यांबद्दल वर्षानुवर्षे फिरतो आहे. अगदीच गप्प बसून चालत नाही, एवढे त्यात खरे. पण या चाचणीत गटाला अडथळा ओलांडायचा असतो फळी, बल्ली (लाकडी वासा) आणि दोराने. ओरडून फळी पुढे सरकत नाही. अडथळ्याच्या लाल रंगाच्या भागाला स्पर्श चालत नाही. घाईत हुकूम सोडणारा नेमका तिथेच अडकतो. कमांड टास्कमध्ये, म्हणजे एका उमेदवाराला प्रमुख करून दिलेल्या कामात, तर साथीदार स्वतः निवडून त्यांच्याकडून काम करून घ्यायचे असते. शिवाय मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारा अधिकारी आणि गटचाचणी अधिकारी उमेदवाराला स्वतंत्रपणे पारखतात. पडताळायचेय? सात-आठ मित्र जमवा, फळी-दोराचा असाच एक अडथळा मांडा. कोण किती बोलले आणि कुणाची कल्पना प्रत्यक्षात चालली, दोन्ही एकाला बाजूला बसून लिहायला सांगा.